गुडघ्याची लस वासराला

गुडघा बदलून माणूस घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर एक कागद येतो. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. कमोडच वापरायचा. वॉकर सोडायचा नाही, टाके भिजवायचे नाहीत, गुडघा लाल झाला किंवा ताप आला तर लगेच दाखवायचं. कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेतल्या एका काकूंना असा कागद मी वाचून दाखवत होतो. काकू मान डोलवत होत्या. नव्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर त्यांची मांजर मुटकुळं करून झोपली होती. सूनबाई ओट्याशी होती आणि काकूंचा मुलगा नुकताच कट्ट्यावरून दूध घेऊन आला होता. काकूंनी पेला पुढे केला. "ताजी धार हाय, तापवायचं काय त्यात?"

कागद मी उलटून पालटून पाहिला. त्यात मांजर नव्हतं आणि दूधही नव्हतं.

त्या कागदावर दोन ओळी कमी आहेत, असं माझं म्हणणं आहे. त्या लिहिल्या तरी काम पुरं होणार नाही, हेही आताच सांगून टाकतो. बदललेल्या गुडघ्याची राखण आपण दवाखान्यावर सोपवली आहे. तिचा एक हिस्सा गोठ्यातच करावा लागतो, आणि तिथे गुडघ्याचा विचार कुणीच करत नाही.

मंगळवार पेठ ही गुडघ्यांची पेठ आहे. शाहू महाराजांचं खासबाग मैदान हाकेच्या अंतरावर. तालमीत हजार-हजार बैठका मारलेली माणसं इथे म्हातारी झाली आणि फुटबॉलच्या मैदानावर पाय मुरगळून घेतलेली तालमीची पोरं आता नातवंडांना मॅच दाखवायला नेतात. पण गुडघ्यांची खरी झीज बायकांची. जन्मभर उकिडवं बसून धारा काढल्या, भाकरी थापल्या, फरशी पुसली; त्यांचे गुडघे कुठल्या आखाड्यात गेले नाहीत, तरी झिजले. पूर्वी या झिजेला तेल आणि शेक एवढंच औषध होतं. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा दीड लाखाच्या वरून 54,720 रुपयांवर आला, कर वेगळा. त्यानंतर हे ऑपरेशन पेठेतल्या मध्यम घरांच्या हिशेबात बसू लागलं. चांगलंच झालं. म्हातारी माणसं पुन्हा अंबाबाईच्या देवळापर्यंत चालत जाऊ लागली.

गुडघा नवा आला, पण घर तेच राहिलं. मांजर, गल्लीतलं कुत्रं, पाव्हण्यांच्या गोठ्यातली म्हैस आणि कट्ट्यावरचं दूध, हा सगळा गोतावळा जागच्या जागी आहे.

आपल्या अंगात जंतू रोज शिरतात. हिरडीतून, नखाच्या बोचकाऱ्यातून, पोटातून थोडे फार रक्तात येतात आणि पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. जिथे रक्त पोचतं तिथे पहारा पोचतो. धातूला रक्त नसतं. 1957 मध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी स्वयंसेवकांच्या कातडीवर एक प्रयोग केला. निरोगी कातडीत पू होण्यासाठी स्टॅफिलोकोकस जंतू लाखोंच्या संख्येने टोचावे लागले. त्याच कातडीत रेशमी टाका घातला, तेव्हा काही शे जंतू पुरले. एका दोऱ्याने एवढा फरक पडतो. गुडघ्यात तर वाटीभर धातू आणि प्लास्टिक असतं.

अशा निर्जीव पृष्ठभागावर जंतू बसले की ते स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात. विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ आठवा; पाणी ओतून ते जात नाही, खरवडावं लागतं. या थराच्या आड बसलेल्या जंतूंना औषधाची नेहमीची मात्रा पुरत नाही. मग सांधा उघडून धुवावा लागतो. त्यानेही भागलं नाही तर बसवलेला सांधा काढायचा, औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा जागेवर ठेवायचा, कित्येक आठवडे औषधं चालवायची आणि जंतू गेल्याची खात्री पटली की पुन्हा नवा सांधा. एका गुडघ्याला तीन-चार ऑपरेशनं. पहिल्यासाठी सोनं मोडलेलं असतं, पुढच्यांसाठी घर गहाण पडतं.

शल्यविशारदांना हे ठाऊक आहे आणि ऑपरेशनच्या खोलीत त्यांनी या शत्रूला जवळजवळ हरवलं आहे. 1962 पासून इंग्लंडमधल्या रायटिंग्टनच्या रुग्णालयात आजच्या घडणीचा कृत्रिम खुबा बसवणारे जॉन चार्नली यांना सुरुवातीला शंभरात सातेक रुग्णांना जंतूसंसर्ग होताना दिसला. त्यांनी गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली उभारली, अंगभर झगे आणले आणि हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आणलं. आज जगभर पहिल्या ऑपरेशननंतर शंभरात एखाद-दुसरा सांधा संसर्गाने बिघडतो. पण त्या बंदिस्त खोलीतून माणूस बाहेर पडतो आणि रिक्षात बसून मंगळवार पेठेत येतो. पुढची वीस वर्षं त्या गुडघ्याला गाळलेली हवा नाही.

आता मांजर. मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जंतू बहुतेक वेळा असतोच. कुत्र्यांच्या तोंडातही तो पुष्कळदा सापडतो. त्यांना त्याचा त्रास नसतो. मांजराचे दात सुईसारखे. वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि जंतू आत खोल जातो. एका दिवसाच्या आत तिथली कातडी लाल होते, ठणकते. निरोगी माणसाचं एवढ्यावर भागतं. कृत्रिम सांधा असलेल्या माणसात हा जंतू रक्तातून किंवा जवळच्या जखमेतून त्या धातूपर्यंत पोचल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा आल्या आहेत. त्यांत गुडघे जास्त. काहींना मांजर चावलेलं, काहींना ओरखडलेलं. काही ठिकाणी तर कुत्र्याने पायावरची उघडी जखम प्रेमाने चाटली होती, बास.

लुई पाश्चर यांचं नाव या जंतूला आहे, कारण कोंबड्यांच्या पटकीचा अभ्यास त्यांनी केला आणि ती पटकी याच जंतूची. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची, 1885 मध्ये प्रथम माणसाला टोचलेली लसही त्यांचीच. आणि दूध तापवून निर्धोक करण्याच्या रीतीलाही त्यांचंच नाव. कुत्रं चावलं की आपण पाश्चरच्या लशीकडे धावतो, आणि ते बरोबरच आहे. रेबीज झाला तर माणूस वाचत नाही. लस घेऊन झाली की सुटलो, असं आपल्याला वाटतं. रेबीजपुरते सुटलोही. पण पाश्चरच्या नावाचा जंतू त्या दाताबरोबर आत गेला का, हे कुणी विचारत नाही, आणि लस टोचणाऱ्याला आपण सांगत नाही की, "डॉक्टर, माझा हा गुडघा लोखंडी हाय." सांगितलं तर औषध बदलतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं या जंतूवर सहसा चालतात. साध्या जखमांवर सर्रास दिल्या जाणाऱ्या सेफालेक्झिन किंवा एरिथ्रोमायसिनसारख्या गोळ्यांचा मात्र इथे भरवसा नाही. एका वाक्याने गुडघा वाचू शकतो, पण ते वाक्य बोलायचं असतं हे माणसाला कुणी तरी शिकवायला हवं.

मांजराचा जंतू निदान उघड येतो: सूज, ठणका, ताप. दुधातून येणारा जंतू पायाचा आवाज होऊ देत नाही. त्याचं नाव ब्रुसेला.

कोल्हापूरच्या दुधाबद्दल बाहेरच्या माणसाने जपून बोलावं. मी आतला आहे, तरी जपूनच बोलतो. गंगावेशच्या कट्ट्यावर म्हशी येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळ पेला थेट हातात येतो. पैलवानाच्या खुराकातलं हे मानाचं पान. या रिवाजाच्या मुळाशी अडाणीपणा नाही, एक शहाणपण आहे. दुधात पाणी घालणारा गवळी आणि पावडर कालवणारा व्यापारी या दोघांवरही विश्वास नसलेल्या गिऱ्हाइकाने काढलेला तो तोडगा आहे: माझ्या डोळ्यांदेखत पिळ. भेसळीविरुद्ध याहून पक्की तपासणी आजही नाही. मात्र डोळ्याला पाणी दिसतं, जंतू दिसत नाही. निरोगी दिसणाऱ्या, भरल्या कासेच्या म्हशीच्या दुधातही ब्रुसेला असू शकतो.

हे कळायला माणसाला माल्टा बेटावर बरीच माणसं गमवावी लागली. तिथल्या ब्रिटिश शिपायांना महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप येई, घाम फुटे, सांधे धरत. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने या तापाने मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून हाच जंतू शोधून काढला. तो येतो कुठून, हे आणखी अठरा वर्षं कळलं नाही. 1905 मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टीज डॉक्टरने दाखवून दिलं की तो शेळ्यांच्या रक्तात आहे, धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या. त्या शेळ्यांचे कळप गल्लीगल्लीतून फिरत आणि दारात उभ्या करून पिळल्या जात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. फौजेने शेळीचं दूध बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. गावाने बंद केलं नाही. बापजादे पीत आले, आम्हाला काय होतंय, असं माल्टाचा माणूस तेव्हा म्हणत होता. मंगळवार पेठेतला माणूस हेच वाक्य आज म्हणतो; फक्त त्याच्या वाक्यात "लई" जास्त येतो.

बापजाद्यांचा दाखला खोटा नाही. पण त्यांचे गुडघे हाडाचे होते. त्यांच्या अंगात धातू नव्हता. म्हणून जुनी सवय नव्या शरीरात तशीच चालेल, असं धरून चालता येत नाही. आणि त्यांच्यातही किती जणांचा "मुदतीचा ताप" आणि "वाताचं दुखणं" खरोखर काय होतं, हे कुणी तपासलं नव्हतं.

ब्रुसेला कृत्रिम सांध्यात शिरला की घाई करत नाही. ऑपरेशनला काही महिने, कधी काही वर्षं उलटलेली असतात. अंगात कसर, रात्री घाम, कंबर धरलेली, गुडघा हळूहळू दुखरा. फोटोत सांधा सैल झालेला दिसतो. डॉक्टरला वाटतं, झिजला असेल. आपल्याकडे आणखी एक सापळा आहे: ताप, घाम, सांधा म्हटलं की क्षयाची शंका येते आणि ती रास्तही असते. पण क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. त्यामुळे रोग्याला थोडं बरं वाटतं, निदान बरोबर होतं असं सगळ्यांना वाटतं, आणि जंतू अर्धमेला होऊन दडून बसतो. सांध्यातलं पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवलं तरी हा जंतू सावकाश वाढतो. त्याची शंका असल्याचं आधी कळवलं नाही तर नमुना लवकर टाकून दिला जाऊ शकतो. उलट तो वाढलाच, तर बेसावध तंत्रज्ञाला त्याची लागण होऊ शकते. प्रयोगशाळेतून माणसाला लागणाऱ्या जंतूंत तो पुढच्या रांगेत आहे.

हे सगळं टाळायला महागडं यंत्र लागत नाही. "कच्चं दूध पिता का? घरात जनावरं आहेत का? एखादी म्हैस गाभडली होती का?" हे तीन प्रश्न लागतात. कोल्हापूर जिल्ह्यात हे प्रश्न प्रत्येक सांध्याच्या रुग्णाला विचारले गेले पाहिजेत, कारण इथे दूध हा पेयाचा नाही, पोटापाण्याचा विषय आहे. 1963 मध्ये गोकुळ संघ उभा राहिल्यापासून जिल्ह्यातल्या हजारो घरांचा महिना दुधाच्या बिलावर चालतो. संघाच्या पिशवीतलं दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवलेलं असतं आणि तेवढ्या तापाने ब्रुसेला मरतो. घरी उतू जाईपर्यंत तापवलेलं दूधही तितकंच सुरक्षित. धोका पेल्यातल्या कच्च्या धारेचा आहे, आणि त्याहून मोठा धोका गोठ्यात आहे, जिथे दूध पिण्याचाही प्रश्न नसतो.

म्हैस गाभडली किंवा वार अडकली की घरातलं माणूस उघड्या हाताने ती ओढून काढतं. त्या वारेत आणि त्या स्रावात जंतू खच्चून भरलेले असतात. हाताला चीर असेल तर ते थेट आत जातात. पशुवैद्यांना आणि गवळ्यांना हा रोग होतो तो मुख्यतः असाच. मटणाच्या दुकानात सुरी चालवणाऱ्यालाही तो होऊ शकतो. म्हणजे दूध उकळा म्हणून काकूंना सांगून काकूंचा गुडघा वाचेल, पण माहेरी गोठ्यात राबणाऱ्या त्यांच्या बहिणीचा नाही.

म्हणून मी म्हणतो, गुडघ्याची लस वासराला टोचावी लागते. ही लस जुनी आहे आणि तिचा जन्म गमतीचा आहे. 1923 मध्ये जॉन बक या अमेरिकी संशोधकाने एका जर्सी गायीच्या दुधातून ब्रुसेलाचा एक वाण वेगळा केला. त्याची बरणी वर्षभराहून अधिक काळ खोलीतच पडून राहिली. नंतर पाहिलं तर जंतू जिवंत होता, पण त्याचं विष उतरलं होतं. एकोणीस क्रमांकाचा तो वाण आजही अनेक देशांत वासरांना टोचला जातो. आपल्याकडे सप्टेंबर 2019 मध्ये लाळ्या-खुरकत आणि ब्रुसेलोसिस यांच्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांसाठी 13,343 कोटी रुपयांची तरतूद झाली. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना, म्हणजे म्हशीच्या मादी रेडकांना, आयुष्यात एकदा ही लस द्यायची. लस जिवंत जंतूची असल्याने ती टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाच ताप येऊ शकतो. हे काम करणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाकडे आपण "म्हशीचा डॉक्टर" म्हणून जरा खालच्या नजरेने पाहतो. तो ज्या दिवशी पन्हाळ्याच्या नाहीतर करवीरच्या एखाद्या गोठ्यात पारडी टोचतो, त्या दिवशी तो मंगळवार पेठेतल्या एका गुडघ्याची राखण करत असतो. हे त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? सांध्याचा संसर्ग मुळात शंभरात एक-दोन. त्यातले बहुतेक माणसाच्या कातडीवरच्या स्टॅफिलोकोकसचे. जनावरांकडून आलेले त्यातही मोजके. खरं आहे, आणि भीती पसरवण्याचा माझा इरादा नाही. पण जो प्रश्न विचारलाच जात नाही त्याचं उत्तर दुर्मीळच दिसणार. आणि या दुर्मीळ संकटावरचे उपाय दुर्मीळ नाहीत: उकळलेलं दूध नातवालाही वाचवतं, टोचलेली पारडी गवळ्याचं उत्पन्न वाचवते, हातमोजा घालून काढलेली वार साऱ्या घराला तापापासून वाचवते. गुडघा हा यातला सगळ्यात महाग भाग, म्हणून त्याच्या निमित्ताने बोलायचं.

दुसरा सूर उलटा असतो: मग मांजर हाकला, कुत्री गोळा करा, कट्टे बंद करा. हा सूर मला जास्त घातक वाटतो. मुलं पुण्याला, नवरा फोटोत, आणि संध्याकाळी पायाशी घुटमळणारं एक मांजर, अशा घरात ते मांजर हाकलणं हे औषध नाही. चाटू द्यायचं नाही, बोचकारलं तर साबणाने भरपूर धुवायचं, चावलं तर त्याच दिवशी दाखवायचं, एवढं पुरतं. आणि कट्टा बंद केला तर भेसळीवरचा तो जुना शहाणा पहाराही जाईल. कट्ट्याने उलट एक पाऊल पुढे यावं. दुधात रंगवलेले मृत जंतू मिसळून करायची एक स्वस्त तपासणी आहे; दूध रोगट असेल तर वर येणाऱ्या साईत निळं कडं उमटतं. ही तपासणी संशय दाखवते, मग रक्त तपासून खात्री करायची. म्हशी तपासल्याची तारीख लिहिलेली पाटी ज्या गवळ्याच्या दाव्याशेजारी लागेल, त्याच्याकडे मी स्वतः चरवी घेऊन जाईन. घरी आणून उकळेनही. डोळ्यांदेखत पिळलेलं आणि घरी तापवलेलं, याहून खात्रीचं दूध कुठलं?

राहता राहिला तो कागद. जबाबदारी सगळी रुग्णावर ढकलणारा प्रत्येक कागद मला संशयास्पद वाटतो. काकूंनी काय करू नये याची यादी लांब, आणि बाकीच्यांनी काय करावं याची एकही ओळ नाही. तरी दोन ओळी त्यात याव्यातच. एक रुग्णासाठी: दूध उकळूनच, आणि जनावर चावलं, ओरखडलं तर कृत्रिम सांधा आहे हे आधी सांगा. दुसरी डॉक्टरसाठी, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, वय आणि रक्तदाबाच्या शेजारी: घरात जनावरं कोणती, दूध कसं घेता. ती रिकामी जागा भरावी लागली म्हणजे प्रश्न विचारावा लागेल.

काकूंच्या कागदावर त्या ओळी मी त्या दिवशी पेनाने लिहिल्या. सूनबाईने पेला उचलून पातेल्यात ओतला आणि गॅस लावला. काकू थोड्या रुसल्या. दूध वर येईस्तोवर त्यांनी मला विचारलं, "आणि शिंगणापुरात बहिणीची म्हैस व्यायला आलीया, तिला कोण सांगणार?" कागदाच्या पाठीमागे भरपूर जागा होती, पण त्या प्रश्नाचं उत्तर लिहायचा तो कागद नव्हता.